जुन्या मोटारीतील तांबडा दिवा



मोटार जुनी झाली म्हणजे ती घराबाहेर जातेच असे नाही. म्हापशाच्या एखाद्या जुन्या घराच्या पडवीत, बेळगावच्या टिळकवाडीत, इंदूरच्या रामबागेत किंवा बडोद्याच्या एखाद्या वाड्याच्या दिंडीदरवाज्याआड एखादी ॲम्बॅसडर अथवा प्रीमियर पद्मिनी अजूनही दृष्टीस पडते. उत्तरपाडा येथील कारखान्यात ॲम्बॅसडर तयार होणे २०१४ साली बंद झाले. पद्मिनीचे उत्पादन तर त्याच्याही पुष्कळ आधी थांबले, आणि मुंबईच्या रस्त्यांवरील तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. तथापि ज्यांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी ती गाडी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून मिळविली, त्यांच्या लेखी ते केवळ वाहन नसते. दसऱ्याला तिच्या बॉनेटवर झेंडूची माळ चढते, घरातील लग्नकार्याला वधूवरांना आणावयास तीच जाते. आणि एखाद्या वर्षी मालकाच्या मनात येते की, बाहेरून जशी तिची डागडुजी केली तशी आतूनही थोडी करावी.

मग त्याची दृष्टी डॅशबोर्डाकडे वळते. वेगदर्शकाच्या काट्यामागील उजेड इतका मिणमिणता झालेला असतो की, रात्री आकडे वाचावयास मान पुढे काढावी लागते. तेलाच्या दाबाचा दिवा कधी लागतो, कधी लागत नाही. आणि बाजारात तर नखाएवढे एल.ई.डी. दिवे थोड्या पैशांत, हव्या त्या रंगात मिळतात. जुने बल्ब काढावे, नवे बसवावे, अर्ध्या तासाचे काम. बहुतेक ठिकाणी ते तसे पारही पडते. पण डॅशबोर्डावरील त्या चार-सहा दिव्यांत एक दिवा असा आहे की, तो विचार न करता बदलला तर गाडीची बॅटरी वाटेतच उतरण्याचा संभव असतो. तो दिवा कोणता आणि असे का घडते, हे जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे.

प्रारंभीच्या मोटारींत सूचना देणारे दिवे नव्हते, काटे होते. तेलाचा दाब किती, बॅटरीत वीज जाते की बॅटरीतून बाहेर पडते, हे काट्याकडे पाहून चालकाने ओळखावयाचे असे. अमेरिकेतील हडसन कंपनीने १९३० नंतरच्या दशकात काट्यांच्या जागी दिवे आणले. काटा वाचता न येणाऱ्यांची सोय, असे म्हणून जुन्या चालकांनी या दिव्यांना 'बावळटांचे दिवे' असे टोपणनावही दिले. थट्टा सोडून दिली तर त्यात एक तथ्य होते. काटा 'किती' ते सांगतो. दिवा केवळ 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगतो. उलट काट्याकडे मुद्दाम पाहावे लागते, आणि दिवा आपण होऊन दृष्टी वेधून घेतो. वळणावळणाच्या रस्त्यावर ज्याचे लक्ष समोर आहे अशा माणसाला दिवाच अधिक उपयोगी पडतो, यात संशय नाही. अट एकच. संकट नसताना तो विझलेला असला पाहिजे आणि संकट येताच लागला पाहिजे. चावी फिरविताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तांबडे दिवे क्षणभर लागतात ते याचसाठी. आम्ही जागे आहोत, अशी ती त्यांची हजेरी असते.

आता जुना बल्ब आणि नवा दिवा यांतील भेद पाहू. जुन्या बल्बात टंगस्टन धातूचा केसासारखा बारीक तंतू असतो. त्यातून वीज वाहिली की तो तापून पांढरा होतो आणि प्रकाश देतो. खर्च झालेल्या विजेचा फारच थोडा भाग प्रकाशाच्या रूपाने मिळतो, बाकीची उष्णता होते. वर्षानुवर्षांच्या या उष्णतेने बल्बाभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी पडते, कधी चिरते. आणि खाचखळग्यांच्या धक्क्यांनी तंतू तुटतो. एल.ई.डी. म्हणजे प्रकाश देणारा डायोड. त्यात तंतू नसतो. विशिष्ट रीतीने घडविलेल्या स्फटिकातून वीज एका दिशेने गेली की तो स्फटिकच प्रकाशतो. सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकातून असा उजेड निघताना हेन्री राउंड या इंग्रज संशोधकाने १९०७ सालीच पाहिला होता. डोळ्यांना दिसेल असा तांबडा प्रकाश देणारा उपयुक्त डायोड अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तयार केला. निळा रंग मात्र पुष्कळ काळ हुलकावणी देत राहिला. तो साध्य करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या डायोडवर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप दिला की पांढरा प्रकाश मिळतो. आज बाजारात दिसणारे बहुतेक पांढरे दिवे याच जातीचे आहेत.

या नव्या दिव्यांचे गुण खरेच आहेत. ते फारसे तापत नाहीत, धक्क्याने तुटत नाहीत, आणि चांगल्या प्रतीचे असले तर पुष्कळ वर्षे टिकतात. ज्या गाडीत एक बल्ब बदलावयाचा तर हात सोलवटून घ्यावा लागतो किंवा सबंध फलक काढावा लागतो, तेथे हा मोठाच लाभ होय. विजेची भूकही त्यांना फार थोडी. एक सामान्य जुना सूचक बल्ब २.२ वॅटचा असतो. बारा व्होल्टांच्या गाडीत तो सुमारे ०.१८ ॲम्पिअर वीज घेतो. त्याच जागी बसणाऱ्या लहान एल.ई.डी.ला सामान्यतः ०.०२ ॲम्पिअर पुरतात, म्हणजे जुन्याच्या नवव्या हिश्शाइतके. वीज वाचली, यात वाईट ते काय, असे कोणीही विचारील. बहुतेक दिव्यांच्या बाबतीत वाईट काहीच नाही. परंतु एका दिव्याच्या बाबतीत ही काटकसरच अडचणीत आणते.

तो दिवा चार्जिंगचा. काही गाड्यांत त्यावर बॅटरीचे चित्र असते, काहींत नुसतेच तांबडे भिंग. हा दिवा बॅटरी भरत नसल्याची बातमी देतो, एवढेच त्याचे काम अशी सर्वसाधारण समजूत आहे. ऑल्टरनेटर असलेल्या पुष्कळ जुन्या गाड्यांत तो याहून अधिक काही करतो, आणि ते समजण्यासाठी ऑल्टरनेटरच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे.

ऑल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारे एक छोटे वीजघर. त्यात एक चुंबक फिरत असते आणि त्याभोवतीच्या स्थिर वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. पण हे चुंबक कायमचे लोहचुंबक नव्हे. त्याच्यावर तारेचे वेटोळे गुंडाळलेले असते, आणि त्या वेटोळ्यातून वीज वाहील तेव्हाच त्याच्या अंगी पुरेसे चुंबकत्व येते. एकदा यंत्र चालू लागले की आपल्याच विजेचा थोडा भाग ते या वेटोळ्याला पुरविते. पण अगदी पहिल्या क्षणी काय? वीज हवी तर चुंबकत्व हवे, आणि चुंबकत्व हवे तर वीज हवी! सुकलेल्या हातपंपाचे असेच असते. तांब्याभर पाणी आधी वरून ओतावे तेव्हा तो जमिनीतले पाणी वर खेचू लागतो.

ऑल्टरनेटरला हे तांब्याभर पाणी त्या तांबड्या दिव्याच्या वाटेने मिळते. चालकाने चावी फिरविली की बॅटरीतील वीज स्विचमधून निघते, दिव्याच्या तंतूतून जाते आणि ऑल्टरनेटरच्या फिरत्या वेटोळ्यात शिरते. जाताजाता ती दिवा उजळते, आणि पोचल्यावर चुंबकाला जागे करते. इंजिन फिरू लागले म्हणजे ऑल्टरनेटर स्वतः वीज देऊ लागतो, आणि दिव्याच्या दोन्ही टोकांना विजेचा दाब सारखा होतो. दोन टाक्यांतील पाण्याची पातळी एक झाली की मधल्या नळातून पाणी वाहत नाही, तद्वत दिव्यातून वीज वाहावयाची थांबते आणि तो विझतो. दिवा विझला म्हणजे बॅटरी भरू लागली, हा जो संकेत चालक पाळतात त्याचे कारण हे असे आहे.

आता त्या जागी एल.ई.डी. बसविला. पूर्वी ०.१८ ॲम्पिअर जात होते, आता ०.०२ जाऊ लागले. तांब्याभर पाण्याऐवजी चमचाभर. काही ऑल्टरनेटर तेवढ्यावरही जागे होतात, कारण लोखंडात पूर्वीचे थोडे चुंबकत्व शिल्लक राहिलेले असते. पुष्कळ मात्र होत नाहीत. इंजिन सुरू होते, गाडी चालू लागते, आणि तांबडा दिवा लागलेलाच राहतो. चालकाने इंजिनाला जोराने गती दिली की त्या शिल्लक चुंबकत्वाच्या बळावर ऑल्टरनेटर दचकून जागा होतो आणि दिवा विझतो. मालकाला वाटते, नवा दिवा जरा लहरी आहे. अशी समजूत एकदा झाली की दिवा लागलेला दिसूनही तो तिकडे काणाडोळा करू लागतो.

याहून वाईट स्थिती दुसरी आहे. एल.ई.डी.तून वीज एकाच दिशेने जाते. तो उलटा बसला तर लागत नाही आणि वीजही पुढे जाऊ देत नाही. अशा वेळी ऑल्टरनेटर निद्रिस्त, आणि ते सांगणारा दिवाही मुका. तांबडा दिवा दिसत नाही त्या अर्थी सर्व क्षेम आहे, अशा समजुतीत गाडी रस्त्याला लागते.

समजा, असा एक गृहस्थ आषाढातील संध्याकाळी बेळगावहून चोर्ला घाटाने पणजीकडे निघाला. पाऊस आहे, म्हणून वायपर चालू. अंधार पडला, म्हणून पुढचे-मागचे दिवे चालू. इंजिनातील ठिणगीलाही वीज लागतेच. हे सर्व मिळून बारा ते पंधरा ॲम्पिअर सहज होतात, आणि ते सारे एकट्या बॅटरीतून जात आहेत. ४५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी हिशेबाने ती तीन-साडेतीन तासांची धनी. जुनी बॅटरी प्रत्यक्षात त्याच्या निम्मी साथ देईल तरी पुष्कळ. प्रथम वायपर मंदावतो, मग समोरचा उजेड पिवळा पडतो, मग इंजिन आचके देते, आणि झाडीतल्या एखाद्या वळणावर गाडी दिव्यांसह शांत होते. मागून येणाऱ्या मालट्रकला ती दिसावयाचीही नाही. नखाएवढ्या दिव्याच्या अदलाबदलीचा परिणाम येथवर पोचू शकतो.

यावर उपाय सोपे आहेत. पहिला आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे चार्जिंगच्या दिव्याला हात न लावणे. बाकीचे सारे बदलावेत. तेथे मात्र जुन्याच मापाचा, जुन्याच वॅटचा तंतूचा बल्ब ठेवावा. दुसरा उपाय, एल.ई.डी. हवाच असेल तर त्याला समांतर एक रोधक जोडावा, म्हणजे चुंबकाला लागणारी वीज त्या वाटेने जाईल. २.२ वॅटच्या बल्बाचा विरोध तापलेल्या स्थितीत सुमारे ६५ ओहम भरतो. त्याच्या जवळचा, बाजारात सहज मिळणारा ६८ ओहमचा रोधक येथे चालतो. तो पाच वॅटचा घ्यावा, कारण त्यात दोन वॅटांहून अधिक उष्णता निर्माण होते. त्याच कारणाने तो प्लॅस्टिकला किंवा तारांच्या जुडग्याला न टेकेल असा, पत्र्याजवळ मोकळ्या हवेत, पक्का डाख देऊन बसविला पाहिजे. काही बनावटींत असा रोधक कारखान्यातच दिव्याशेजारी जोडलेला असतो. तो आहे की नाही हे गाडीच्या विजेच्या नकाशात पाहून ठरवावे.

ज्या अधिक जुन्या गाड्यांत ऑल्टरनेटरऐवजी डायनॅमो आहे, तेथे गोष्ट निराळी आहे. डायनॅमो आपल्या शिल्लक चुंबकत्वावरच सुरू होतो. त्याला दिव्याच्या मदतीची गरज नसते. सबब एल.ई.डी. बसविल्याने बॅटरी भरणे थांबत नाही. तरीसुद्धा काही गमावले जातेच. इंजिन मंद चालत असताना डायनॅमोची वीज अपुरी पडते आणि तंतूचा बल्ब अंधुक तांबूस दिसतो. गती वाढली की तो हळूहळू मावळतो. जुने चालक त्या अंधुकपणावरून डायनॅमोची प्रकृती ओळखीत. ब्रश झिजले, पट्टा सैल झाला, तर तो तांबूसपणा नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळे. एल.ई.डी. थोड्याशा विजेवरही ठळक उजळतो, म्हणून या छटा त्यात नीट उमटत नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ॲम्बॅसडर, पद्मिनी यांसारख्या गाड्यांत जो पट्टा डायनॅमो किंवा ऑल्टरनेटर फिरवितो तोच इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप आणि पंखाही फिरवितो. तो घाटात तुटला तर पाणी उकळण्यापूर्वी पहिली वर्दी देतो तो हाच चार्जिंगचा दिवा. तो लागताच गाडी बाजूला घेणारा चालक इंजिन वाचवितो. 'हा उगीच लागतो' म्हणून पुढे जाणाऱ्याला हेडगॅस्केटचा खर्च करावा लागतो.

बाकीच्या दिव्यांकडे वळू. तेलाच्या दाबाचा दिवा सर्वांत सरळ. इंजिनावर एक लहान स्विच असतो. दाब नसला की तो दिव्याचे मंडळ पुरे करतो आणि दाब चढला की तोडतो. येथे एल.ई.डी. खुशाल बसवावा, फक्त तो उलटा बसला नाही ना, हे पाहावे. उलटा बसलेला दिवा विझलेलाच राहतो, आणि तेल संपून इंजिन जाम होईपर्यंत चालकाला पत्ता लागत नाही. पाचरीसारखा सपाट बल्ब असेल तर तो काढून फिरवून बसविला की काम होते. पिळून किंवा खटक्याने बसणाऱ्या बल्बाची दिशा त्याच्या टोपीनेच ठरलेली असते, तो फिरविता येत नाही. शिवाय इंग्रजी धाटणीच्या कित्येक जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे. अशा गाडीत नेहमीचा एल.ई.डी. लागणारच नाही. दोन्ही दिशांनी चालणारा, म्हणजे ज्याच्या आत दिशा सरळ करून घेण्याची योजना आहे असा दिवा मागून घ्यावा. तो थोडा महाग पडतो, पण मनस्ताप वाचतो.

वळणाची दिशा दाखविणाऱ्या हिरव्या दिव्याचे कोडे थोडे निराळे आहे. काही गाड्यांत डाव्या व उजव्या बाजूंसाठी दोन निरनिराळे सूचक दिवे असतात, काहींत दोहोंसाठी मिळून एकच. जेथे एकच असतो तेथे तो पुष्कळदा डाव्या आणि उजव्या तारांच्या मध्ये जोडलेला असतो. डावीकडचे दिवे लागले की वीज त्यातून उजवीकडे वाहते आणि तिकडच्या मोठ्या बल्बांतून जमिनीला मिळते. उजवीकडचे लागले की नेमके उलट. तंतूच्या बल्बाला दोन्ही दिशा सारख्याच. साधा एल.ई.डी. मात्र एका बाजूला लुकलुकेल आणि दुसऱ्या बाजूला मिटून बसेल. येथेही दोन्ही दिशांनी चालणाराच दिवा हवा. बाहेरचे २१ वॅटचे मोठे बल्बही बदलण्याचा मोह झाला, तर लुकलुकविणारा जुना फ्लॅशर ते बल्ब घेत असलेल्या विजेच्या उष्णतेवर चालतो हे विसरू नये. तेवढी वीज न मिळाल्यास तो स्तब्ध राहतो किंवा भलत्याच वेगाने टकटकू लागतो, आणि मग फ्लॅशरही नव्या जातीचा घ्यावा लागतो.

रंगाचाही विचार केला पाहिजे. तापलेल्या तंतूच्या प्रकाशात तांबडा अंश भरपूर असतो, म्हणून तांबड्या भिंगामागे तो खुलतो. पांढऱ्या एल.ई.डी.त निळा अंश अधिक आणि गडद तांबडा थोडा. त्याच भिंगामागे तो फिका किंवा गुलाबीसर दिसतो, आणि दुपारच्या उन्हात दिसेनासाही होतो. तांबड्या भिंगामागे तांबडा, हिरव्यामागे हिरवा, निळ्यामागे निळा दिवा बसवावा, हा यातला नियम. हौसेखातर हे रंग बदलू नयेत. तांबडा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे जपून, हिरवा आणि निळा म्हणजे केवळ माहिती, ही भाषा सर्व चालकांना ठाऊक आहे. आणि गाडी नेहमी मालकच चालवितो असे नाही.

वेगदर्शकामागील उजेडासाठी नवा दिवा निवडताना डोळ्यांची काळजी घ्यावी. अंधारात गाडी चालविणाऱ्याचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. डॅशबोर्डावर निळसर प्रखर उजेड असला की तो सराव मोडतो, आणि रस्त्याच्या कडेने जाणारी बैलगाडी किंवा कंदिलाविना चालणारा वाटसरू उशिरा दिसतो. जुन्या गाड्यांत हा उजेड कमी करण्याची कळ असली तरी ती पूर्वीच्या बल्बांच्या विजेच्या मापाने केलेली असते, एल.ई.डी.वर तिचा विशेष प्रभाव पडत नाही. म्हणून प्रथमच मंद आणि पिवळसर दिवा घ्यावा. तंतू चहूकडे उजेड टाकतो आणि एल.ई.डी. समोरच टाकतो, यास्तव ज्याच्या बाजूंनाही प्रकाश देणारे कण आहेत असा दिवा येथे बरा. नाहीतर ताशी ४० चा आकडा झळाळतो आणि ८० चा अंधारात राहतो.

आणखी एक उपद्रव संभवतो. एल.ई.डी. इतक्या थोड्या विजेवर लागतो की, मळलेल्या स्विचमधून किंवा ओलसर जोडामधून झिरपणारी वीजही त्याला पुरते. जेथे तंतूचा बल्ब निवांत विझलेला असे, तेथे रात्री हा अंधुक लुकलुकत राहतो. कोणी म्हणेल, एवढ्याने काय बिघडते? बिघडते ते हे की, खोटी आरोळी वारंवार देणाऱ्याच्या खऱ्या आरोळीलाही कोणी धावत नाही. असा दिवा दिसला तर त्याच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लावून घेऊ नये. स्विच आणि जोड स्वच्छ करून घ्यावेत, अथवा त्या जागी जुना बल्ब परत लावावा.

काम करावयाचे कसे, तेही थोडक्यात सांगण्याजोगे आहे. फलकामागे हात घालण्यापूर्वी बॅटरीची अर्थची तार सोडावी, कारण त्या अंधाऱ्या जागेत पेचकसाचे टोक भलत्या तारेला लागून फ्यूज, किंबहुना सारे जुडगेच जळू शकते. सर्व बल्ब एकदम न काढता एकेक काढावा, बदलावा, आणि तार जोडून, चावी फिरवून तो लागतो असे पाहून मगच पुढचा घ्यावा. बल्बाची बैठक गंजलेली असेल तर ती आधी घासून घ्यावी. निम्म्या वेळा दोष बल्बात नसून त्या गंजात असतो, आणि ती साफ केल्यावर जुनाच बल्ब लख्ख पेटतो.

सर्व झाल्यावर शेवटची परीक्षा बॅटरीवर घ्यावयाची. साधा व्होल्टमीटर घ्यावा. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. मग गाडी थंड असताना इंजिन सुरू करावे आणि त्याला गती न देता तसेच मंद चालू ठेवावे. येथे पुष्कळजण चुकतात. सुरू करताच जोराने गती दिली तर निद्रिस्त ऑल्टरनेटरही जागा होतो आणि दोष झाकला जातो. मंद चालीतच तांबडा दिवा विझला आणि मीटर चौदाच्या आसपास चढला तर काम ठीक झाले असे समजावे. तो साडेबारावरच रेंगाळला किंवा हळूहळू उतरू लागला, तर गाडी घराबाहेर काढू नये. काढलेले जुने बल्ब एका डबीत घालून गाडीतच ठेवावेत. वाटेत गरज पडली तर तेच उपयोगी पडतील.

ज्या मेस्त्रींनी या गाड्यांवर हयात घालविली त्यांच्यापैकी कित्येकांना चार्जिंगच्या दिव्याचे हे मर्म ठाऊक असते. गाडी चार्ज होत नाही म्हणून आली की ते ऑल्टरनेटर खोलण्याआधी तो बल्ब गेला आहे का हे पाहतात, कारण तंतू तुटला तरी तोच परिणाम घडतो. ही पिढी आता थकत चालली आहे, आणि आजच्या गाड्यांत ही सारी कामे संगणकाकडे गेल्याने नव्या कारागिरांना हे शिकण्याचा प्रसंग फारसा येत नाही. म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने स्वतःच थोडे जाणून घ्यावे, आणि अशा एखाद्या मेस्त्रीला आपल्या गाडीच्या विजेचा नकाशा पुढे ठेवून एकेका दिव्याचे काम विचारून घ्यावे. तासाभराच्या त्या संभाषणात जे हाती लागेल ते नव्या दिव्यांच्या पुडक्यावर छापलेले नसते. त्यानंतर खुशाल एल.ई.डी. बसवावेत. मग पुढच्या दसऱ्याला झेंडूची माळ चढवून ती गाडी बाहेर पडेल तेव्हा तिच्या डॅशबोर्डावर उजेड नवा असेल, आणि चावी फिरविताच तो जुना तांबडा दिवा क्षणभर लागून आपले काम करून विझेल.